जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा पार्ट: मिळणं सोपं झालं, ओळखणं अवघड झालं

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात एमजी किंवा ट्रायम्फसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणारे लोक फार नाहीत. पण त्यांचा जो रोजचा प्रश्न आहे, तोच जुन्या फियाटवाल्याचा, अ‍ॅम्बेसेडरवाल्याचा आणि बुलेटवाल्याचाही आहे. पार्ट आणायचा कुठून? आणि आणलेला पार्ट चांगला आहे हे कळणार कसं?

२०२५ या एका वर्षात या प्रश्नाची गणितं बरीच बदलली. कर बदलले, आयातीचे नियम बदलले, आरटीओची फी बदलली आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंपावरचं पेट्रोल बदललं. या चारही गोष्टींवर सुट्या सुट्या बातम्या आल्या. त्या एकत्र ठेवून पाहिल्या तर चित्र वेगळं दिसतं, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पार्ट मिळवणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. पण "जुना, पॅकबंद, ओरिजिनल म्हणजे सर्वात उत्तम" हा आपला जुना नियम आता चालत नाही. निदान पेट्रोल, ब्रेक आणि स्पार्क यांच्याशी संबंध येणाऱ्या पार्टपुरता तरी नाही.

मी डोंबिवलीत राहतो. एका मित्राच्या साठच्या दशकातल्या एमजीबीच्या कामात गेली काही वर्षं हात काळे करतोय, त्यामुळे उदाहरणं बरीचशी त्याच गाडीची आहेत.

२०२५ मध्ये नेमकं काय बदललं?

• ई२०: पेट्रोलमधलं इथेनॉलचं सरासरी प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं. इथेनॉल नसलेलं पेट्रोल निवडण्याचा पर्याय मिळावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.
• जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर सरसकट १८ टक्के. आधी बऱ्याच पार्टवर २८ टक्के होता.
• नोंदणी फी: २० वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्टमध्ये वाढली. साध्या चारचाकीला १०,००० रुपये, आयात केलेल्या चारचाकीला थेट ८०,००० रुपये.
• आयात: ५० वर्षांहून जुन्या गाड्या आणण्याची वाट केंद्राने मोकळी केली. आधी ही सवलत १९५० पूर्वीच्या गाड्यांपुरतीच होती.
• ब्रिटनशी करार: २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या.

यातले काही बदल मालकाच्या बाजूचे आहेत, काही विरोधातले. एकेक बघू.

पार्ट मिळणं गाडीच्या वयावर नाही, संख्येवर ठरतं

लोकांना वाटतं, गाडी जितकी जुनी तितका पार्ट दुर्मिळ. हे खरं नाही, आणि याचा पुरावा आपल्या दारातच आहे.

कल्याण-शीळ रोडवरचं प्रीमियर मैदान आज सभांसाठी आणि आजूबाजूच्या टॉवरसाठी ओळखलं जातं. तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथून प्युजो ३०९ बाहेर पडली. भागीदारी लवकरच मोडली, गाड्या थोड्याच बनल्या, आणि आज डोंबिवलीतच त्या गाडीचा एखादा खास पार्ट शोधायचा म्हटलं तर घाम फुटतो. याउलट त्याच कंपनीची पद्मिनी. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तिचा पार्ट विचारला तर दुकानदार चेहरा वाकडा करत नाही.

एमजीबीचं गणित असंच आहे. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. ट्रायम्फ स्पिटफायर तीन लाखांहून जास्त. त्यातल्या हजारो गाड्या ब्रिटन-अमेरिकेत आजही चालतात, म्हणून त्यांचे पार्ट आजही बनतात. एमजीबीचा तर अख्खा सांगाडा, म्हणजे बॉडीशेल, ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळच्या साच्यांवर नव्याने बनवते.

म्हणजे १९६५ ची एमजीबी ही पार्टच्या बाबतीत १९९६ च्या प्युजो ३०९ पेक्षा सुखी आहे. अडचण तुटवड्याची नाही. बाजारात एकाच पार्टचे चार प्रकार असतात, त्यातला कुठला घ्यायचा ही खरी अडचण.

भारतात वाढलेले भाऊबंद

परदेशातून मागवण्याआधी एक गोष्ट तपासावी. आपल्या गाडीचा कोणी भाऊबंद भारतात बनत होता का? दोन मोठी उदाहरणं आहेत.

पहिलं अ‍ॅम्बेसेडरचं. १९५९ पासून तिच्यात जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, ते बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज इंजिन. एमजीए १५०० या स्पोर्ट्स कारमध्ये हेच कुटुंब, हीच क्षमता. सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत राहिली, त्यामुळे या घराण्याचे पार्ट इथे बराच काळ तयार होत होते.

पण इथेच एक सापळा आहे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिनही बी-सिरीजच, स्ट्रोकही तोच ८८.९. मात्र सिलिंडरचा व्यास ८०.२६ मिलिमीटर. अ‍ॅम्बेसेडरचा पिस्टन त्यात जाणार नाही. शिवाय १९६४ नंतरच्या एमजीबीत क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंग आहेत, अ‍ॅम्बेसेडरला तीन. आणि एमजीएलासुद्धा पिस्टन व्यासाने बसला म्हणून लगेच लावायचा नसतो, कारण पिस्टनच्या माथ्याचा आकार आणि कॉम्प्रेशन वेगळं असू शकतं. "एकच इंजिन आहे साहेब, लागतं सगळं" असं कोणी म्हटलं तर व्हर्निअर काढा.

दुसरं उदाहरण स्टँडर्ड हेराल्डचं. मद्रासमध्ये १९६१ पासून बनलेली ही गाडी म्हणजे ट्रायम्फ हेराल्ड. आणि ट्रायम्फ स्पिटफायर ही हेराल्डचीच चासी आखूड करून बनवलेली स्पोर्ट्स कार. दोन्हींचा आराखडा इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचा. त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे बरेच पार्ट सारख्या जातीचे. जुन्या मुंबईकर मिस्त्र्यांना हेराल्डचा हात होता, तोच स्पिटफायरला कामी येतो.

"ओरिजिनल" या शब्दाचे चार अर्थ

दुकानात "ओरिजिनल आहे ना?" असं विचारलं की उत्तर नेहमी "हो" असतं. प्रश्नच अर्धवट असतो म्हणून. बाजारात साधारण चार गोष्टी या एका शब्दाखाली विकल्या जातात.

१. जुना पॅकबंद स्टॉक. त्या काळी कारखान्यातून निघालेला, कधीच न लावलेला पार्ट. चोर बाजारात किंवा एखाद्या बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर सापडतो. लोखंड, पितळ, काच, क्रोम यांच्यासाठी सोन्याहून पिवळा. रबरासाठी मात्र धोकादायक, कारण रबर पाकिटात बसूनही म्हातारं होतं.

२. मूळ पुरवठादाराच्या नावाचा नवा पार्ट. खोक्यावर तेच जुनं नाव, पण नावाचे हक्क मधल्या काळात विकले गेलेले असू शकतात. नाव तेच म्हणजे कारखानाही तोच, असं नाही.

३. पुनर्निर्मित पार्ट. नमुन्यावरून किंवा मूळ ड्रॉइंगवरून आज बनवलेला. यात उत्तमही आहेत आणि अगदी टाकाऊही. आणि गंमत म्हणजे इंग्लंडच्या दुकानातून पौंड मोजून मागवलेला पार्ट भारतात, तैवानमध्ये किंवा चीनमध्ये बनलेला असू शकतो.

४. स्थानिक घडवलेला. आपल्याच टर्नरने लेथवर काढलेला किंवा साच्यात ओतलेला.

म्हणून दुकानदाराला "ओरिजिनल का?" असं न विचारता तीन गोष्टी विचाराव्यात: कधी बनला, कुठे बनला, कुठल्या मटेरियलचा आहे. तिन्हीची उत्तरं देणारा माणूस "ओरिजिनल" म्हणणाऱ्यापेक्षा विश्वासाचा.

ई२० ने जुना स्टॉक बाद कसा केला?

आपण महाराष्ट्रात, म्हणजे उसाच्या राज्यात राहतो. इथेनॉलची आर्थिक बाजू आपल्याला ठाऊक आहे आणि तो वाद इथे नको. जुन्या गाडीपुरतं रसायनशास्त्र बघू.

इथेनॉल तीन गोष्टी करतं. एक, जुन्या प्रकारच्या रबरात आणि प्लास्टिकमध्ये शिरून त्यांना फुगवतं, मऊ करतं, मग ते चिरतात. दोन, हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे आठवडे-आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज वाढतो. तीन, त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जाळायला हवा कमी लागते.

तिसरा मुद्दा जरा उलगडून सांगतो. साध्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते. शुद्ध इथेनॉलला फक्त ९ पट. ई२० ला साधारण साडेतेरा पट. आजच्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. एमजीच्या एसयू कार्ब्युरेटरला सेन्सर नाही. तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, गाडी अडखळते. यावर उपाय आहे: जेटचा नट थोडा खाली घेऊन मिश्रण घट्ट करणं, किंवा वेगळ्या मापाची सुई टाकणं. हे ट्यूनिंगचं काम झालं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे आकडा जुळतो.

मायलेजचं दुःख मला फारसं नाही. वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं मायलेज कोण मोजतंय? भीती आहे ती पहिल्या मुद्द्याची, रबराची. एमजीबीत पेट्रोलचा पाइप तापलेल्या इंजिनशेजारून जातो आणि कार्ब्युरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी वर बसतो. पाइपला चीर गेली तर पेट्रोल थेट तापलेल्या लोखंडावर पडतं. स्पिटफायरमध्ये इंजिनवर चालणारा यांत्रिक पंप असतो. त्याचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणूनच म्हणतो, १९७२ च्या पॅकिंगमधला "ओरिजिनल" डायफ्रॅम किंवा पाइप आज दागिना म्हणून कपाटात ठेवा, गाडीला लावू नका. पेट्रोलच्या वाटेतल्या रबरासाठी आज हवं फ्लुओरो रबर, बाजारात ज्याला वायटन म्हणतात ते. पाइप घेताना त्यावर छापलेलं वाचा. एसएई जे३० आर९ असं लिहिलेलं असेल तर आतला थर या रबराचा असतो. आर६ किंवा आर७ असेल तर ते बहुतेक साधं नायट्राइल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून ई१० आल्यावर तिथल्या विक्रेत्यांनी हे पार्ट बदलायला सुरुवात केली. म्हणजे चांगला माल उपलब्ध आहे, फक्त तो नव्या तारखेचा हवा. आणि विकणाऱ्याने "ई१० ला चालतो" म्हटलं तर आपला प्रश्न पुढचा असावा: "ई२० ला?"

घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. ओ-रिंग किंवा पाइपचा तुकडा घ्या, व्हर्निअरने माप लिहून ठेवा, पंपावरचंच पेट्रोल काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत घेऊन त्यात तो आठवडाभर बुडवा. बाटली घराबाहेर, उन्हापासून आणि ठिणगीपासून लांब ठेवायची, हे सांगायला नकोच. आठवड्याने माप बरंच वाढलं, तुकडा मऊ पडला किंवा पेट्रोल काळं झालं, तर तो माल परत.

तीन पार्ट, जिथे स्वस्ताई जिवावर येते

ब्रेकची रबरं. काळं रबर दिसायला सगळं सारखंच. पण डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, त्यात ईपीडीएम रबर टिकतं आणि नायट्राइल फुगतं. पेट्रोलमध्ये नेमकं उलट: नायट्राइल बऱ्यापैकी टिकतं, ईपीडीएम फुगून दुप्पट दिसायला लागतं. म्हणजे "चांगलं रबर" असं काही नसतंच, कशासाठी चांगलं ते विचारायचं. मापाने तंतोतंत बसणारं पण चुकीच्या जातीचं सील मास्टर सिलिंडरमध्ये गेलं, तर पहिले काही दिवस ब्रेक मस्त लागतात. मग एके दिवशी घोडबंदर रोडच्या उतारावर पेडल जड होतं आणि ब्रेक सुटतच नाहीत, किंवा पेडल खालीच जातं.

ट्रनियन. हेराल्ड-स्पिटफायरच्या पुढच्या चाकाला खाली आधार देणारा हा पितळी तुकडा. उभा लोखंडी स्टब यात आट्यांवर फिरतो. याला घट्ट ग्रीस नाही, ईपी९० गिअर ऑइल लागतं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, आत पाणी साचतं, लोखंड गंजतं आणि वळताना स्टब तुटून चाक आत दुमडतं. पार्ट कितीही भारी आणा, वंगण चुकलं तर काही उपयोग नाही. आणि ऐन पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली असेल, तर ऑइल लगेच पुन्हा भरा.

रोटर आर्म. डिस्ट्रिब्युटरमधला हा छोटासा तुकडा, किंमत काही शे रुपये. स्वस्त प्रतींमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि प्लास्टिक हलकं असतं. हजारो व्होल्टचा स्पार्क प्लगकडे जायच्या ऐवजी रिव्हेटमधून खालच्या दांड्याला जातो. गाडी थंड असताना चालते, तापली की बंद, पुन्हा थंड झाली की चालू. लोक कार्ब्युरेटर उघडत बसतात. ब्रिटनमध्ये हा त्रास इतका वाढला की रिव्हेट नसलेले लाल रंगाचे रोटर खास बनवून विकले जाऊ लागले. आता त्या लाल रंगाच्याही नकला आल्या आहेत, त्यामुळे रंगावर जाऊ नका, रिव्हेट आहे का ते बघा. कंडेन्सरची गोष्टही जवळपास हीच.

परदेशातून मागवताना हिशेब

समजा, पार्ट, कुरिअर आणि विमा धरून १०,००० रुपयांचा माल आहे. मूळ सीमाशुल्क १५ टक्के धरलं तर १,५०० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १५० रुपये. झाले ११,६५०. आता या रकमेवर जीएसटी. जुन्या २८ टक्क्यांनी ३,२६२ रुपये होत होता, एकूण १४,९१२. नव्या १८ टक्क्यांनी २,०९७ रुपये, एकूण १३,७४७. दहा हजारांच्या मालावर साधारण ११६५ रुपये वाचले. पार्सल कुठल्या मथळ्याखाली येतं त्यावर दर बदलतो. वैयक्तिक वापराच्या मालाला वेगळा मथळा लागू शकतो, म्हणून मागवण्याआधी कुरिअर कंपनीला विचारून घ्या.

एक सूचना: छोटे पार्ट एकेक मागवू नका. कुरिअरचा खर्च पार्टपेक्षा जास्त होतो. वर्षाची यादी करा, ओळखीच्या दोन-तीन मालकांनी मिळून एकत्र मागवा.

आता व्यापार कराराचं. "ब्रिटनशी करार झाला, आता पार्ट स्वस्त" असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलंय. अशा करारात सवलत मिळते ती त्या देशात बनलेल्या मालाला. तिथे फक्त विकल्या गेलेल्या मालाला नाही. ब्रिटिश दुकानातून आलेला रोटर तैवानचा असेल, तर तो कागदोपत्री ब्रिटिश ठरणार नाही. म्हणजे "कुठे बनला?" हा प्रश्न आता फक्त दर्जाचा राहिला नाही, करातही त्याचं उत्तर लागणार.

आणि वापरलेले पार्ट. परदेशी संकेतस्थळांवर जुन्या गाड्यांचे काढलेले अस्सल पार्ट दिसले की मोह होतो. पण आपल्या परदेश व्यापार धोरणात, यंत्रसामग्री वगळता इतर वापरलेला माल परवान्याशिवाय आणता येत नाही. कस्टममध्ये पार्सल अडकलं की पार्टच्या किमतीपेक्षा धावपळ महाग पडते.

इथेच बनवून घ्यायचं असेल तर

एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाली. पुढे डोंबिवली, अंबरनाथ इथे वसाहती उभ्या राहिल्या. त्यामुळे आपल्या पट्ट्यात लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, हार्डनिंग, रबर मोल्डिंग, धातूची स्पेक्ट्रो चाचणी हे सगळं एका दिवसात फिरून होईल अशा अंतरावर आहे. इंग्लंडमधल्या मालकालाही याचा हेवा वाटावा.

बुश, पिन, स्पेसर, ब्रॅकेट, पितळी फिटिंग यांसाठी मी इथल्या टर्नरलाच पसंती देतो. मात्र तीन गोष्टी आपण स्वतः कागदावर लिहून द्यायच्या.

• आटे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ, बीएसएफ, बीए, यूएनएफ असे सगळे आटे सापडतात. एमजी टीसीच्या इंजिनात तर आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची! व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिक आणि यूएनएफचा ६०. सगळ्यात धोक्याची जागा ब्रेकची. ३/८ यूएनएफचा नट १० मिलिमीटरच्या बारीक मेट्रिक आट्यात शिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि जोरात ब्रेक मारला की सुटतो. थ्रेड गेज दोन-तीनशे रुपयांना मिळतो, तो जवळ असू द्या.
• मटेरियल. "स्टील" एवढं लिहून भागत नाही. जुन्या तुकड्याची स्पेक्ट्रो करून ग्रेड काढा आणि तोच लिहून द्या.
• कडकपणा. धातूचा हार्डनेस, रबराचा शोर आकडा. सस्पेन्शनचा बुश फार कडक झाला तर धक्का थेट चासीला.

थ्रीडी प्रिंटिंगचं काय, असं हल्ली सगळे विचारतात. डॅशबोर्डची बटणं, क्लिपा, साच्यासाठी नमुना, यासाठी झकास. पण साधं छापील प्लास्टिक पेट्रोलजवळ आणि इंजिनच्या उष्णतेजवळ नको. आणि स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शनचे भार घेणारे पार्ट इथे बनवून घेऊच नका. ते चाचणी केलेलेच विकत घ्या.

या सगळ्यात मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. वागळे इस्टेटमध्ये गाळ्यांच्या जागी आयटी पार्क येताहेत. हाताने लेथ चालवणारा, बोल्ट बोटाने फिरवून "हा इंची आहे" असं सांगणारा टर्नर साठीच्या पुढे गेलाय आणि त्याचा मुलगा त्या धंद्यात नाही. पार्ट इंग्लंडहून येईलही, पण हा माणूस कुठून मागवणार? म्हणून जो पार्ट बनवून घ्याल, त्याचं ड्रॉइंग, ग्रेड, हार्डनेस लिहून ठेवा आणि इतर मालकांना द्या. पुढच्या वेळी सीएनसीवाल्याकडे तोच कागद चालेल.

नोंदणीचा पेच

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरण ५,००० रुपये. वर सांगितलेल्या ८०,००० रुपयांशी तुलना केली तर आयात केलेल्या एमजीच्या मालकाला हा मार्ग सरळ सोयीचा. पण अटी दोन. गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. आणि गाडी मूळ स्वरूपात हवी: चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको.

इथे पार्टची निवड पुन्हा महत्त्वाची ठरते. इंजिनच बदलून दुसऱ्या गाडीचं बसवण्याचा जो जुना जुगाड आपल्याकडे सर्रास चालायचा, तो आता कागदावर महाग आहे. पण पेट्रोलचा पाइप, सील, डायफ्रॅम नव्या रबराचे टाकणं ही देखभाल झाली, तो बदल नव्हे. मूळपणाच्या हट्टापायी जुनं रबर ठेवायची काही गरज नाही.

थोडक्यात, कुठला पार्ट कुठून?

• पेट्रोल आणि ब्रेकची रबरं: नव्या तारखेची, मटेरियल लिहिलेली. जुना स्टॉक अजिबात नको.
• रोटर, कंडेन्सर: रिव्हेट बघून, चांगल्या विक्रेत्याकडून, एक जादा गाडीत ठेवा.
• इंजिनचे आतले पार्ट: आधी अ‍ॅम्बेसेडर-हेराल्डचं माप तपासा, मग परदेश.
• बुश, पिन, फिटिंग: ठाणे-डोंबिवलीत, लिखित मापावर.
• क्रोम, काचा, मीटर, बिल्ले: जुना पॅकबंद स्टॉक सर्वात उत्तम.
• स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शनचे भार घेणारे पार्ट: नामांकित, नवे, बिलासकट. इथे घासाघीस करू नका.

तुमच्याकडे एमजी नसेल, पद्मिनी किंवा बुलेट असेल, तरी या यादीतली पहिली ओळ आजच बघा. बॉनेट उघडा, पेट्रोलचा पाइप दोन बोटांत दाबा. बारीक चिरा दिसल्या किंवा तो चिकट लागला, तर पुढची टाकी भरण्याआधी बदलून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे.